मला तिकीट न देण्याबाबत

मी जन्मात शेकड्यानं अर्ज लिहिले. रजेचे, बदलीचे, पंखा दुरुस्तीचे, साहेबांच्या मेव्हण्याच्या टेलिफोनचे. सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुसरं येतं काय? पण एक अर्ज मी असा लिहिला की तो वाचून समोरच्यानं आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं, ‘‘घरात समदं बरं हाय न्हवं, साहेब?’’

अर्जाचा विषय होता : मला लॉटरीचे तिकीट न देण्याबाबत.

समोरचा माणूस म्हणजे कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका लॉटरी सेंटरचा मालक. त्याच गाळ्यात आधी त्याचा एसटीडीचा बूथ होता. मोबाइल आले, बूथ ओस पडला, तसं त्यानं काचेची खोली काढून टाकली आणि ऑनलाइन लॉटरीचं मशीन आणून बसवलं. त्याआधीची, म्हणजे नव्वदच्या दशकातली लॉटरी गरीब गाय होती. स्टँडजवळ एक टेबल, चिमट्यांत अडकवलेली रंगीत तिकिटं, आणि ‘आजच सोडत’ म्हणून ओरडणारा भोंगा. आठवड्याला एक तिकीट घ्यायचं, पाकिटात सरकवायचं आणि विसरून जायचं. मीही घ्यायचो. बायको हसायची.

दोन हजार सालानंतर ही ऑनलाइन आली आणि गायीची म्हैस झाली, तीही मारकी. दर पंधरा मिनिटांनी सोडत. दोन आकडी नंबर सांगायचा, मशीनमधून चिठ्ठी बाहेर, आणि वर टांगलेल्या टीव्हीवर थोड्या वेळात आकडा हजर. पंधरा मिनिटांत उठून जावं म्हटलं तर ‘आता एवढी एक बघून जाऊ’ असं वाटतं, आणि ती एक बघितली की पुढची पंधरा मिनिटं सुरू झालेली असतात. शाहूपुरीत एका गल्लीत मिसळीपेक्षा लॉटरीची दुकानं जास्त झाली होती. कोल्हापुरात मिसळीला मागं टाकणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

आम्ही बौद्ध. रविवारी विहारात पंचशील म्हणून परत येताना मी बायकोला मुद्दाम ऐकवायचो की पाच शिलांत चोरी आहे, दारू आहे, खोटं बोलणं आहे, पण लॉटरीचा कुठं उल्लेख नाही. ती म्हणायची, ‘‘खोटं बोलणं हाय न्हवं? मग बास झालं. तुमची लॉटरी त्यात बसती.’’ मला तेव्हा तो विनोद वाटला.

बायको नर्स. लग्नानंतर काही वर्षांनी तिची नेमणूक चंदगड तालुक्यात झाली. मुलगी लहान, तीही आईबरोबर तिकडंच. मी कोल्हापुरात एकटा, खोलीवर स्टोव्ह पेटवून भात करपवणारा. शनिवारी साहेब लवकर निघायचे, साहेबांच्या मागोमाग आम्ही, आणि मी दुपारची चंदगड गाडी धरायचो. सहा वर्षांची पोरगी आईचा हात धरून चंदगडच्या स्टँडवर उभी असायची. गाडी लागली की खिडक्या मोजत यायची आणि मी दिसलो की ओरडायची. आठवड्यातलं माझं खरं जगणं म्हणजे एवढंच होतं, पण हे तेव्हा मला कोण सांगणार आणि मी कुणाचं ऐकणार?

कारण ऑफिस आणि स्टँड यांच्या बरोबर मध्ये ते दुकान होतं. गाडीला वीस मिनिटं आहेत, एक सोडत बघून जाऊ, असं म्हणून बसायचं आणि चंदगड गाडी गेली की पुढच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून बसायचं. एका शनिवारी मी गेलोच नाही. फोन करून सांगितलं, गाडी पंक्चर झाली. दुसऱ्या शनिवारी संकेश्वराजवळ रस्ता बंद पाडला. तिसऱ्या शनिवारी साहेबांनाच आजारी पाडलं. चंदगडच्या पावसात पोरगी तिन्ही वेळा शेवटच्या गाडीपर्यंत उभी होती.

माझं बिंग फोडलं त्या गाडीच्या कंडक्टरनं. तो बायकोच्या आरोग्य केंद्रात ब्लडप्रेशर तपासायला यायचा. बायकोनं दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, मागं एका शनिवारी गाडी पंक्चर झालती का? तो म्हणाला, ‘‘पंक्चर? वेळंत आलती की, सिस्टर. तुमचं साहेब तर स्टँडाजवळच्या लॉटरीत बसल्यालं दिसलं मला.’’

ती भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. भांडणात मी पटाईत आहे. ती भांडली नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पोरगी झोपल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, ‘‘मार्चात विनंती बदलीचे अर्ज घेतात. कोल्हापूर मागायचं का न्हाय, ते आता तुमच्यावर हाय. तवर एक चिठ्ठी जरी घेतली तर आम्ही दोघी हितंच बऱ्या. आन् पोरगी आता स्टँडवर यायची न्हाय. तुम्ही आला तर आला, घरी या.’’

ते पोरीचं स्टँडवर न येणं मला फार लागलं. परतीच्या गाडीत मी नाही नाही ते ठरवलं. मनाचा निग्रह, व्यायाम, पहाटे उठणं. अकरा दिवस टिकला निग्रह. बाराव्या दिवशी ऑफिसातून निघालो तो थेट दुकानाच्या पायरीवरच शुद्धीवर आलो. आत गेलो नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता; वीज गेली होती आणि मशीन बंद होतं.

मग एके दिवशी टेबलावर एक फाइल आली. आमच्याकडं कामात घोळ करणाऱ्या ठेकेदाराला काळ्या यादीत टाकायची पद्धत होती. वर्षभर त्याला टेंडरचा फॉर्मच द्यायचा नाही, मग तो साहेबांचा पाहुणा असो की मंत्र्याचा. तो कितीही चांगला झालो म्हणाला तरी मुदत संपेपर्यंत नाही म्हणजे नाही. असलं एक पत्र मी जावक करत होतो आणि शिक्का हवेतच थांबला. मला वाटलं, आपणच आपल्याला काळ्या यादीत टाकलं तर? परदेशात असल्या बंदीचे छापील फॉर्म असतात, जुगाराच्या अड्ड्यावर फोटो देऊन सही करायची असते, हे मी पुष्कळ वर्षांनी पेपरात वाचलं. तेव्हा मला वाटलं होतं की ही युक्ती जगात पहिल्यांदा मलाच सुचली. दोन दिवस मी त्याच तोऱ्यात होतो.

अर्ज फक्कड उतरला. ‘‘सदर इसमास एक वर्ष मुदतीपर्यंत तिकीट देऊ नये. सदर इसमाने गयावया केली, दुसऱ्यासाठी घेतो असे सांगितले किंवा सुटे मागण्याचा बहाणा केला तरी देऊ नये. दुकानाची पायरी चढू देऊ नये. अडवल्यास सदर इसम चिडेल, तिकडे लक्ष देऊ नये. मुदतीपूर्वी सदर इसमाने ही बंदी उठवण्याबाबत अर्ज केल्यास तो फेटाळण्यात यावा.’’ खाली सही, आणि कंसात : सदर इसम.

मालकानं दोनदा वाचला. पाणी वगैरे देऊन झालं. मग म्हणाला, ‘‘साहेब, धंद्यावर बसून गिऱ्हाईक कोण तोडतंय व्हय? तुमाला यायचं न्हाय तर येऊ नका की! अर्ज कशाला?’’

‘‘यायचं हाय, म्हणूनच अर्ज.’’

‘‘आन् मी दिलं तिकीट तर?’’

‘‘तर मी घेणार. म्हणूनच सांगतोय, देऊ नका.’’

तो डोकं खाजवत बसला. दारूच्या दुकानातबी असला अर्ज कुणी दिला नसंल म्हणाला. मग मी त्याला स्टँडवर उभ्या राहणाऱ्या पोरीचं सांगितलं. माणूस तोंडानं फाटका होता पण लेकीबाळीचा होता. थोरली गडहिंग्लजला दिलेली. तो म्हणाला, ‘‘तिची गाडी उशिरा आली तर मला जेवाण जात न्हाय. ठेवा हितं अर्ज. पण मी दुपारी जेवाय जातोय, तवा मालकीण बसती. ती तुमाला वळखत न्हाय. एक फोटो लागंल.’’

पासपोर्टचा फोटो माझ्या पाकिटात होता, मिशीवाला, ओळखपत्रासाठी काढलेला. मी दिला, पण देताना एक अट घातली आणि ती अटच पुढं मला नडली. म्हटलं, फोटोखाली काही लिहू नका. अहो, शेवटी सरकारी नोकर, गल्लीत चार लोक ओळखतात, अब्रूचा प्रश्न आहे. मालक म्हणाला, बरं. गाळा केवढासा, भिंतीवर एकच पाटी होती फोटो लावायला. त्यानं माझा फोटो त्या पाटीवर टाचणीनं लावला. ती पाटी त्याच्या दुकानातून बक्षीस लागलेल्या लोकांच्या फोटोंची होती.

मी बघितलं. मला कळलं नाही असं नाही. पण म्हटलं, असू दे, भिंत ती भिंत.

चालत जाता येईल अशा अंतरावर आणखी तीन दुकानं होती. एकाच दुकानात बंदी करून भागत नाही, हे मला पायांच्या अनुभवावरून ठाऊक होतं. अर्जाच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर नव्यानं सही केली, कारण झेरॉक्सवरची सही चालत नाही हा आमच्या टेबलाचा नियम. दुसऱ्या दुकानदारानं तो अर्ज आतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना (नशीब, त्यात ओळखीचं कुणी नव्हतं) मोठ्यानं वाचून दाखवला, टाळ्या घेतल्या, आणि ‘‘मान्य!’’ म्हणाला. तिसऱ्यानं घेतला, पण दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर भजी खाताना मला दिसला. पुन्हा नेऊन दिला. चौथा वाचत असताना त्याच्या टीव्हीवर सोडतीची वेळ होत आली. त्यानं वाचता वाचता सवयीनं विचारलं, ‘‘काय लावू?’’ आणि मी म्हणालो, ‘‘सत्तावीस.’’

त्यानं चष्म्यावरून बघितलं. ‘‘साहेब, आधी एक ठरवा. अर्ज द्यायचा हाय का आकडा?’’

अर्ज त्याच्या हातात ठेवून मी जो पळालो तो खोलीवर येऊन थांबलो. सत्तावीस आला की नाही, हे जाऊन विचारावं असं मला त्या रात्रभर वाटत होतं.

पहिले पाच आठवडे बरे गेले. शनिवारी वेळेत चंदगड. पोरगी घरीच असायची. दारात आली तरी ओरडायची नाही. सहाव्या आठवड्यात मला वाटायला लागलं की आता आपण पुरते सुधारलो आहोत, आणि सुधारलेल्या माणसानं एखादं तिकीट घ्यायला काय हरकत आहे? बरं, मालक ओळखतो, पण दुपारी मालकीण. ती फोटोवरून ओळखणार. फोटोत मिशी आहे. सरळ गोष्ट आहे. मी मिशी काढली.

पंधरा वर्षं वाढवलेली मिशी. ऑफिसात शिपायानं दचकून विचारलं, साहेब, कोण गेलं? कुणी नाही म्हटलं. दुपारी डोक्यावर टोपी, डोळ्यांवर उसना गॉगल घालून मी दुकानाची पायरी चढलो. मालकीण गवार मोडत बसली होती. तिनं वर बघितलं, हात पुसले, पाटीवरचा फोटो टाचणीसकट काढला आणि माझ्या तोंडाशेजारी धरला.

‘‘पावणं, टोपी काढा.’’

काढली.

‘‘मिशी काढली म्हणून काय झालं? कान तेच हाईत की.’’

मी भडकलो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतोच, त्यात मिशी फुकट गेलेली. म्हटलं, ‘‘माझे पैसे, माझी मर्जी. तुम्ही कोण अडवणार?’’ तिनं शांतपणे गल्ल्याच्या खालून अर्ज काढला आणि बोट ठेवून वाचला, ‘‘अडवल्यास सदर इसम चिडेल, तिकडे लक्ष देऊ नये.’’ मग पुन्हा गवार मोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर अर्ज पाठवला, बंदी उठवण्याबाबत. मालकानं त्याच्यावर शेरा मारून परत केला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्ज फेटाळलेले बघितले होते. आपला फेटाळला की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. आणि खोटं कशाला सांगू, फार हायसं वाटलं. आपल्याच गळ्यातली दोरी दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो माणूस झोपलेला नाही, याचं बरं वाटलं. शनिवारी बायकोनं मिशीबद्दल विचारलं तेव्हा उकडतं म्हणून सांगितलं. तिला बंदीचं मी काहीच बोललो नव्हतो. वर्ष पुरं झालं की एकदम सांगायचं आणि शाबासकी घ्यायची, असा माझा बेत होता.

आणि इकडं भलतंच सुरू झालं. पाटीवरचा फोटो लोकांना दिसायला लागला. आधी आमच्या शिपायानं विचारलं, ‘‘साहेब, कितीचं लागलं वो?’’ मग चहावाल्यानं पैसे घ्यायला नकार दिला आणि त्या बदल्यात एक आकडा मागितला. एकानं तर भर रस्त्यात थांबवून आपलं तिकीट माझ्या तळहाताला लावून घेतलं. मी आधी ‘छे छे’ म्हणत होतो. त्या ‘छे छे’ला कोल्हापुरात कोण विचारतं? उलट लोक म्हणाले, माणूस किती साधा आहे बघा, एवढं लागलं पण बोलत नाही.

मी नंतर छे छेही म्हणायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं होतं. आकड्यांमागं धावून स्वतःला बंदी घालून घेतलेला माणूस, असं कोण म्हणवून घेईल? त्यापेक्षा नशीबवान बरं. साहेबसुद्धा मला ‘या’ म्हणायला लागले. एका शब्दानं मी खुलासा केला असता तर पुढचं टळलं असतं. केला नाही.

मार्चच्या सुरुवातीला तोच कंडक्टर त्या दुकानात तिकीट घ्यायला गेला, त्यानं पाटी बघितली, आणि पुढच्या वेळी ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून घेताना बायकोला म्हणाला, ‘‘सिस्टर, पेढं कुठं हाईत? साहेबांचा फोटो लागलाय की जिंकल्याल्यात!’’

त्या शनिवारी मी घरी गेलो तर ताट वाढून झाकून ठेवलेलं आणि बायको खिडकीशी. पोरीनंच विचारलं, ‘‘पप्पा, तुम्ही जिंकलाय?’’

मी सगळं सांगितलं. काळी यादी, अर्ज, चार दुकानं, मालकीण, कान. ती ऐकत होती आणि मी बोलता बोलता ऐकत होतो, आणि मलाच ते पटेना. टायर पंक्चर झालं हे खोटं किती सरळ होतं! हे खरं होतं आणि पहिल्या वाक्यापासून थापेसारखं वाटत होतं.

‘‘बंदी घातल्याल्या माणसाचा फोटो,’’ ती म्हणाली, ‘‘जिंकल्याल्या माणसांत कोण लावतंय?’’

‘‘भिंतीला जागा नव्हती.’’

‘‘आन् मिशी?’’

माझा हात ओठांवर गेला. तिनं ट्रंकेतून एक कागद काढून दाखवला. विनंती बदलीचा अर्ज, तिच्या देखण्या अक्षरात भरलेला. ठिकाणापुढं ‘कोल्हापूर’ लिहिलं होतं. फक्त सही नव्हती. ‘‘तुमचं ते वर्ष व्हायची वाट बघितली नव्हती मी,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही वेळंवर येत हुता, पोरगी पुन्हा हसाय लागलीती. मागच्याच आठवड्यात भरला. मंगळवार शेवटचा दिवस हाय. सोमवारी मी येणार. आधी दुकान, मग जिल्हा परिषद. दुकानात काय दिसंल त्यावर सही.’’

सोमवारी पोरीला शेजारी ठेवून आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं कोल्हापुरात आलो.  आजवर एवढ्या सोडती बघितल्या, पण एवढी मोठी एकही नव्हती.

दुकानाच्या समोरच्या बाजूला रसवंती होती. मी तिथंच थांबलो. बायको म्हणाली, चला. म्हटलं, मला पायरी चढायची बंदी आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. आणि एकटीच रस्ता ओलांडून गेली.

दुपारची वेळ, मालकीण गल्ल्यावर. मध्ये रिक्षा, सायकली, टेम्पो. ऐकायला काही येईना, दिसत मात्र सगळं होतं. बायकोनं पाटीकडं बोट केलं. मालकीण काहीतरी बोलली. बायकोनं पर्समधून दहाची नोट काढून समोर ठेवली आणि पुन्हा माझ्या फोटोकडं बोट केलं. मागून कळलं, ती म्हणाली होती, ‘‘ह्यांच्या नावानं एक द्या.’’ मालकिणीनं नोट उचलून तिच्याच पर्समध्ये कोंबली. ‘‘त्यास्नी न्हाय, आन् त्यांच्यासाठी आल्याल्या कुणालाबी न्हाय. तुम्ही कोण त्यांच्या?’’

बायको मागं वळली आणि तिनं मला हात केला. ‘‘या की इकडं!’’

हे मला ऐकू आलं. आणि माझा पाय फुटपाथवरून खाली उतरला. बायकोनंच बोलावलं होतं. ह्याच्यापेक्षा भारी परवानगी जगात कोण देणार? वर टीव्हीवर सोडतीची वेळ होत आली होती, काटा फिरत होता. मला ओलांडून जायचं होतं ते बायकोला सगळं समजावून सांगायला, असं मी मनाला सांगितलं. पण डोळे बायकोकडं नव्हते, टीव्हीकडं होते, आणि ते माझ्याच ध्यानात आलं. तेवढ्यात मालकीण गल्ल्यावरून उठून दारापर्यंत आली आणि अख्ख्या शाहूपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘‘येऊ नका! पायरी चढायची न्हाय! तितंच थांबा!’’

एक बाई या म्हणतेय, दुसरी येऊ नका म्हणतेय, मधे टेम्पोवाला शिव्या देतोय. मी पाय मागं घेतला. रसवंतीच्या बाकड्यावर बसलो आणि बाकड्याची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बायकोनं पुन्हा हात केला. मी मान हलवली, नाही. बायकोचं मी आधीही पुष्कळदा ऐकलं नव्हतं, पण ऐकावंसं वाटत असताना न ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

मग मालकिणीनं अर्ज काढला. बायको उभ्यानं वाचत होती. वाचता वाचता तिनं तोंडावर पदर धरला. मालकिणीनं पाटीवरचा फोटो काढून आपल्या ओठांवर बोट आडवं फिरवलं, मग दोन्ही कान धरून दाखवले. आणि माझी बायको हसली. खांदे हलवून, गल्ल्याला टेकून हसली. गेल्या वर्षभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला तिथं बाकड्यावर बसून इतकं बरं वाटलं, आणि इतकी लाजही वाटली.

हसून झाल्यावर तिनं गल्ल्यावरचं पेन मागून घेतलं आणि औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं नीट, माझ्या फोटोखाली लिहिलं : यांना तिकीट देऊ नये. माझी अब्रू अशी सोमवारी दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर बातमी झाली, दोन दिवस लोक पोट धरून हसले, साहेबांचं ‘या’ पुन्हा ‘ये’ झालं. आणि त्या आठवड्यात तिघं जण वेगवेगळ्या वेळी, आजूबाजूला कोणी नाही बघून, माझ्या टेबलापाशी आले आणि त्या अर्जाची एक झेरॉक्स मिळेल का म्हणून विचारून गेले. त्यातल्या एकाचं नाव सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून सांगत नाही.

फोटोखाली लिहून झाल्यावर बायको रस्ता ओलांडून आली. माझ्या हातांकडं बघितलं. मी अजून फळी सोडली नव्हती.

‘‘मी बोलावल्यावर निघाला हुता तुम्ही.’’

‘‘व्हय.’’

‘‘मग थांबला का?’’

काहीतरी छान उत्तर देता आलं असतं. तुझ्यासाठी, पोरीसाठी असं काहीतरी. पण त्या दिवशी खोटं बोलायची ताकदच नव्हती. म्हटलं, ‘‘यायची लई इच्छा झाली, म्हणून थांबलो.’’

तिनं रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगितले, बर्फ कमी. रस पिऊन आम्ही जिल्हा परिषदेत गेलो. तिनं माझ्याच पेननं सही केली, अर्ज दिला, आणि पोच घेतली. माझ्यासारख्याच एका आवक-जावकवाल्यानं शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला कधी एवढा गोड लागला नव्हता. पण अर्ज दिला म्हणजे ती येणारच असं नव्हे. अर्ज मागंही घेता येतो, हे मला नेमकं ठाऊक होतं. तिनंही तसं काही सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

चंदगड गाडी लागली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा. कंडक्टरनं घंटी मारली, इंजिन सुरू झालं, आणि तेव्हा ती खिडकीतून वाकून म्हणाली, ‘‘पोरीच्या शाळेची चौकशी करून ठेवा. आतापासनंच.’’

गाडी हलली. मी बरोबर चालायला लागलो.

‘‘आन् ऐका, त्या दुकानावरनं जावं लागंल असली नको. लांबची बघा. दोघं चालत जावा.’’

मी ‘व्हय’ म्हणालो की नाही आठवत नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली तरी मी तिथंच उभा होतो आणि भर दुपारी, अख्ख्या स्टँडसमोर, शर्टच्या बाहीनं तोंड पुसत होतो.